पंखा दिवसभर घोंघावतो, संध्याकाळ झाली की ५०२ येतो. यंत्र बदलू की दुरुस्त करू?

अबोली_फोंडा
नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि जरा घाईने हवी आहे.

आमच्याकडे २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा इंटेल आय५, ८ जीबी रॅम, २ टीबीची हार्ड डिस्क. तीन वर्षांपूर्वी भावाने त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून नेक्स्टक्लाउड बसवून दिला, म्हणजे फोटो-फाइली ठेवायची घरचीच साइट. सगळ्या घराचे फोटो त्यात आहेत. पण त्याहून मोलाची म्हणजे आजोबांची नाटकं. आमच्या देवळाच्या जत्रेत गावची मुलं नाटक करायची, तालमी आजोबा घ्यायचे. त्याच्या व्हीएचएस कॅसेटी होत्या. पावसाळ्यांनी त्यांना बुरशी धरली, तेव्हा वाचल्या तेवढ्या उतरवून घेतल्या. पुण्याची, दुबईची भावंडं ती याच यंत्रावरून बघतात.

पाऊस सुरू झाल्यापासून असं चाललंय:
पंखा सकाळपासून रात्रीपर्यंत घोंघावतो, शेजारच्या खोलीत ऐकू येतो. कॅबिनेटला हात लावला तर चटका बसतो. संध्याकाळी सातच्या सुमाराला साइट '५०२ बॅड गेटवे' दाखवते, रीस्टार्ट केलं की पुन्हा चालू. करंट जाऊन आला की कधीकधी ब्राउझर साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राचा इशारा देतो.

दुकानात नेलं तर दोन मिनिटांत सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. चवथीला सगळी घरी येणार आहेत. काय करू?

दर्यावर्दी
अबोलीताई, नवीन काही घेऊ नका. मदरबोर्ड गेलेलं यंत्र रीस्टार्ट केल्यावर रोज निमूट चालू होत नाही.

तुम्ही एका दमात चार तक्रारी सांगितल्यात. त्यांचं मूळ एक असेल किंवा चार असतील. आधी आकडे द्या. टर्मिनलमध्ये 'सेन्सर्स' ही आज्ञा देऊन तापमान बघा, एकदा सकाळी काम नसताना आणि एकदा संध्याकाळी सातला. आणि यंत्र ठेवलंय कुठे ते सांगा.

चिऱ्याचं_घर
कॅबिनेटचं एका बाजूचं पान काढून ठेवा. आमचं दोन वर्षं तसंच आहे. पंखा शांत.

कुशावतीकाठ
@चिऱ्याचं_घर, गोव्यात हे करू नये असं माझं ठाम मत आहे. आमच्या घरी उघड्या कॅबिनेटमध्ये पाल शिरली आणि एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) जाऊन चिकटली. फट् असा आवाज, जळका वास, आणि सगळा वाडा अंधारात. पावसाळ्यात तर मुंग्या अंडी घेऊन कोरडी ऊबदार जागा शोधत असतात. त्यांना याहून चांगली जागा कोणती मिळणार?

चिऱ्याचं_घर
पालीचं खरं आहे. तरी एक सांगतो, पान काढल्यावर तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं तर समजायचं की हवेची वाटच बंद आहे. तपासणीपुरतं काढून बघायला काय हरकत आहे?

कुशावतीकाठ
तपासणीपुरतं मान्य. रात्री परत लावा.

पागोळी
५०२ बद्दल लिहिते, कारण याचा घोळ फार होतो.

पाचने सुरू होणारे आकडे म्हणजे चूक सर्व्हरकडची आहे, बघणाऱ्याची नाही. ५०० म्हणजे आतल्या प्रोग्रामला काम करताना ठेच लागली. ५०३ म्हणजे सर्व्हर म्हणतोय आत्ता जमणार नाही, गर्दी आहे किंवा दुरुस्ती चालू आहे. ५०२ आणि ५०४ दोन सर्व्हरच्या मधल्या बोलण्याचे. खानावळ डोळ्यांसमोर आणा. बाहेर वाढपी आहे, तो एनजिनएक्स, बाहेरून आलेली विनंती घेणारा. आत रांधपी आहे, तो पीएचपी, नेक्स्टक्लाउडचं काम करणारा. वाढप्याने ऑर्डर आत दिली, बराच वेळ थांबला आणि ताट आलंच नाही, तर ५०४. आत गेला तर रांधपी जागेवरच नाही, किंवा अर्धवट ताट टाकून निघून गेला, तर ५०२.

एखाद्या सरकारी किंवा बँकेच्या साइटवर ५०३ आला म्हणून घरचा कॉम्प्युटर उघडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथे आपल्या यंत्राचा काही संबंध नसतो, थोड्या वेळाने परत बघायचं. पण अबोलीताईंच्या बाबतीत खानावळ त्यांच्याच घरात आहे. त्यामुळे रांधपी संध्याकाळी सातला कुठे जातो ते शोधायला हवं. एनजिनएक्सचा एरर लॉग बघा, सात वाजताच्या आसपासच्या ओळी इथे द्या. आणि ५०२ च्या आधी ५०४ येतो का, ते आठवून सांगा. फार महत्त्वाचं आहे.

म्हापश्याचो_चलो
माझा विंडोजचा लॅपटॉप पण असाच ओरडतो. इथेच विचारलं तर चालेल का?

दर्यावर्दी
चालेल की. टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या रकान्यावर क्लिक कर, सगळ्यात वर कोण बसलंय ते सांग.

वास्कोकर_७०
बंदरावर कोळसा उतरतो तिथून आम्ही लांब नाही. पांढऱ्या कापडाने खिडकीची चौकट पुसली तर कापड काळं होतं. माझा कॉम्प्युटर मी दर तीन महिन्यांनी उघडतो. काळी पूड पंख्याच्या पात्यांवर दिसते तेवढीच नसते. पंखा आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्या मधे तिचं जाड कांबळं तयार होतं. वरून बघितलं तर सगळं स्वच्छ वाटतं, पंखा उचलल्याशिवाय कळत नाही. बाय, तुझ्याकडे हेच असणार.

साफ करताना एक लक्षात ठेव. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरतो, त्याचं बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून बोर्डात पाठवू शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नकोस, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. मऊ ब्रश आणि फुंकणी पुरे.

साळींचें_शेत
आमच्याकडे सांगे भागात तीच गत, फक्त रंग तांबडा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या त्याआधी रस्त्यावरून दिवसभर ट्रक जायचे. तेव्हाचा माझा जुना कॅबिनेट अजून आतून तांबडा आहे, कितीदा पुसला तरी.

अबोली_फोंडा
सगळ्यांचे आभार. आकडे आणलेत.

सकाळी काम नसताना ७१ अंश. संध्याकाळी ७.१० ला ९८, मग १००. पंखा मिनिटाला २४०० फेऱ्यांच्या आसपास. यंत्र देवघराच्या खालच्या लाकडी कपाटात आहे, दार बंद असतं (आईला तारा दिसलेल्या आवडत नाहीत).

पागोळीताई, तुमचा प्रश्न वाचून चमकले. हो, आधी दोन-तीन वेळा ५०४ येतो, मग ५०२ येतो आणि तिथेच राहतो.

दर्यावर्दी
काम नसताना ७१ म्हणजे उष्णतेला बाहेर पडायची वाटच नाही. या प्रोसेसरचं बसल्या जागी ३५ ते ४५ असावं, आपल्या हवेत फार तर ५०. आणि १०० ही त्याची कमाल मर्यादा. तिथे पोचला की जळू नये म्हणून तो स्वतःचा वेग उतरवतो. ३ गिगाहर्ट्झच्या वरचा प्रोसेसर अशा वेळी ८०० मेगाहर्ट्झपर्यंतही खाली येऊ शकतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात.

देवघराखालचं बंद कपाट! कापराची काजळी, तेलाच्या दिव्याची वाफ, अगरबत्तीचा धूर. नुसती धूळ फुंकली की उडते, तेलकट धूळ चिकटून बसते. आईंची समजूत घालून आजच दार उघडा.

पागोळी
५०४ आधी, ५०२ मागाहून. मग मला साखळी दिसायला लागली. संध्याकाळी सातला तुमच्या घरात काय होतं?

अबोली_फोंडा
दिवेलागण, आरती... आणि हो, सगळे कामावरून येतात. फोन घरच्या वायफायला लागतात आणि दिवसभराचे फोटो, व्हिडिओ आपोआप चढायला लागतात. आम्ही सहा जण आहोत. पुण्याचीही मंडळी त्याच सुमाराला.

पागोळी
तर माझा अंदाज असा. सातला एकदम काम पडतं. प्रोसेसर आधीच तापलेला, तो वेग उतरवतो. एका विनंतीला जिथे एक सेकंद लागायचा तिथे दहा लागतात, वाढपी थांबून कंटाळतो, ५०४. तेवढ्यात नव्या विनंत्या येतच असतात, पीएचपी प्रत्येकीसाठी नवा कामगार उभा करतो. रॅम भरते. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल (त्याचा गाभा) सिस्टीम वाचवण्यासाठी जड प्रक्रिया मारून टाकतो. रांधपी गेला. ५०२.

हा अंदाज आहे, पुरावा नाही. 'डीमेसग' ही आज्ञा कर्नलच्या नोंदी दाखवते, त्यात 'आउट ऑफ मेमरी' शोधा. आणि पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपीचे कामगार सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये 'मॅक्स चिल्ड्रन', म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त कामगार, किती आहे ते बघा.

चिऱ्याचं_घर
मला हे ओढूनताणून वाटतं. गरम आहे, साफ करा, झालं. लॉग वाचत बसायची काय गरज?

पागोळी
साफ करायलाच हवं, त्यात वाद नाही. पण उद्या साफ केलं आणि परवा परत ५०२ आला, तर ताई दुकानात जाऊन नवीन यंत्र घेतील. म्हणून आजच बघून ठेवायचं.

म्हापश्याचो_चलो
सगळ्यात वर ब्राउझर आहे, ६० टक्के. मी गादीवर ठेवून अभ्यास करतो.

वास्कोकर_७०
बाबा, गादीवरून उचल! लॅपटॉप हवा पोटातून घेतो. गादीवर ठेवलास म्हणजे त्याच्या नाकावर उशी ठेवल्यासारखं. फळी घे, जुनं ड्रॉइंग बोर्ड घे, काहीही कडक चालेल. आणि ब्राउझरचे टॅब एकेक बंद करून बघ, बहुधा एखादाच टॅब सगळं खात असेल.

दर्यावर्दी
शिवाय पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ कर. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. वेगात थोडा फरक पडेल, पण अभ्यासाला जाणवणार नाही आणि पंखा लगेच खाली येईल. विंडोज १० असेल तर त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, त्याचाही विचार कर.

म्हापश्याचो_चलो
९९ केलं. शांत झाला!! मला वाटलं होतं बिघडलाच. देव बरें करूं.

काणकोणची_वाट
समुद्रकाठच्यांसाठी एक मुद्दा. आमचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आम्ही पावसाआधी घरात पुरुमेंत भरतो, सुकी मासळी, कोकम, मिरच्या. तसं कॉम्प्युटरचंही एक पुरुमेंत असतं. मे महिन्यात उघडून साफ करायचा, रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा, परत बसवायची. खाऱ्या दमट हवेने सांध्यांवर थर धरतो, मग यंत्र मधेच अडकतं आणि आपण सॉफ्टवेअरला दोष देतो.

आणि पावसात यंत्र आठवडाभर बंद ठेवू नका. रोज तासभर तरी चालू करा, आतली ऊब ओल धरू देत नाही.

कुशावतीकाठ
खोडरबरापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. रबराचा चुरा खाचेत पडतो, आणि जोरात घासलं तर सोन्याचा पातळ मुलामाही जातो.

काणकोणची_वाट
पांढरा मऊ रबर, हलक्या हाताने, आणि खाचेपासून लांब. पंधरा वर्षं करते आहे. पण अल्कोहोल असेल तर तेच वापरा, मान्य.

अबोली_फोंडा
आज रविवार, सगळा दिवस यातच गेला. दार उघडल्यावर ७१ चे ६४ झाले. म्हणजे कपाटाचा दोष होता, पण सगळा नव्हता.

मग पंखा काढला. वास्कोकरकाका, तुमचं शब्दन् शब्द खरं. कांबळंच होतं, राखाडी, तेलकट, बोटाने सोलून निघालं. पण त्याहून मोठं सापडलं. हीटसिंक (पंख्याखालच्या त्याच ॲल्युमिनियमच्या पट्ट्या) चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो ना, त्यातली एक खुंटी निसटून वर आली होती! एका कोपऱ्यात हीटसिंक प्रोसेसरला टेकतच नव्हता. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला देणारी मधली पेस्ट वाळून खडूसारखी झालेली.

आता पेस्ट आणायची आहे. किती लावायची? कोणी तांदळाच्या दाण्याएवढी म्हणतं, कोणी वाटाण्याएवढी.

दर्यावर्दी
सापडलं मूळ! दुकानात नेताना-आणताना खुंटी हलली असेल किंवा आधीपासूनच. तांदळाच्या दाण्याएवढी पुरे, वरचा दाब ती पसरवतो.

साळींचें_शेत
कुठला तांदूळ ते सांगा. आमच्या उकड्या तांदळाचा दाणा जाड असतो :)

वास्कोकर_७०
उकडाच घे बाय, या प्रोसेसरला उकडाच शोभतो! आणि जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून चकचकीत कर, मगच नवी. खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, एकीचा टक् असा आवाज आला की तिच्या समोरची. चारही झाल्यावर बोर्डाच्या मागच्या बाजूने टोकं बाहेर आली आहेत का ते बघ.

अबोली_फोंडा
झालं! काम नसताना ४२. संध्याकाळी सगळे फोन चढत असताना ७३. पंखा ११०० वर. आई म्हणाली, "बंद पडला की काय?"

चिऱ्याचं_घर
म्हणालो होतो ना, साफ करा, झालं.

अबोली_फोंडा
तीन दिवस छान गेले. आज परत ५०२. तापमान ७४. माझा जीव थाऱ्यावर नाही.

पागोळी
घाबरू नका. डीमेसग बघितलं का?

अबोली_फोंडा
बघितलं. 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस', पुढे पीएचपी-एफपीएमचं नाव. 'मॅक्स चिल्ड्रन' ५० आहे. आज चुलतभावाने मुंजीचे व्हिडिओ चढवले, आणि टॉपमध्ये (चालू प्रक्रियांच्या यादीत) एफएफएमपेग नावाचंही काहीतरी पळत होतं.

पागोळी
ते व्हिडिओंची छोटी चित्रं काढणारं. आता हिशेब बघा. एक पीएचपी कामगार साधारण १२० एमबी खात असेल, तर ५० कामगार ६ जीबी. त्यावर डेटाबेस, त्यावर एफएफएमपेग, आणि रॅम ८ जीबी. उष्णतेमुळे हे रोज व्हायचं, आता गर्दीच्या दिवशीच होतं. म्हणजे उष्णता एक कारण होतं आणि हे दुसरं.

तीन गोष्टी करा. मॅक्स चिल्ड्रन १२ वर आणा. जास्तीच्या विनंत्या रांगेत थांबतील, कोणी मरणार नाही. ४ जीबीची स्वॅप फाइल करा, रॅम भरली की डिस्कवरची ही जागा वापरता येते. आणि छोटी चित्रं काढण्याचं काम रात्री दोनला लावा, तेव्हा सगळे झोपलेले असतात.

चिऱ्याचं_घर
पागोळीताई, मी चुकलो. लॉग बघायलाच हवा होता.

तिळारी_वारा
करंट गेल्यानंतरच्या प्रमाणपत्राच्या इशाऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी असते. दहा वर्षांत ती संपलेली असणार. वीज पूर्ण गेली की घड्याळ मागे जातं, आणि प्रमाणपत्र अवैध ठरतं.

पागोळी
थोडी दुरुस्ती. प्रमाणपत्राची मुदत बघणाऱ्याच्या घड्याळाने तपासली जाते, सर्व्हरच्या नाही. त्यामुळे दुबईच्या भावाला हा इशारा येऊ नये. अबोलीताई, तो फक्त त्याच यंत्रावर ब्राउझर उघडला की येतो का?

अबोली_फोंडा
हो, फक्त तिथेच! आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप जातो.

तिळारी_वारा
मग बॅटरीच. इंटरनेट आलं की यंत्र वेळ मिळवून घेतं, म्हणून इशारा जातो. बॅटरी बदला, किरकोळ खर्च आहे.

आणि एक विचारतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? जुन्या घरांत अर्थिंग नसतं, किंवा चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकून निकामी होतो. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून धातूच्या कॅबिनेटवर वीज उतरते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण झटका जाणवतो. असं असेल तर आधी वायरमनला बोलवा, बाकी सगळं नंतर. गडगडाट सुरू झाला की प्लगही काढा आणि राउटरची तारही. वीज लॅनच्या तारेतूनही येते, आमचा राउटर तसाच गेला.

अबोली_फोंडा
झिणझिण्या येतात. मला वाटायचं सगळ्याच कॉम्प्युटरना येतात. उद्याच वायरमनला बोलावते.

दर्यावर्दी
अबोलीताई, एक राहूनच गेलं, आणि खरं तर हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. हार्ड डिस्कही त्याच बंद कपाटात भाजत होती. डिस्कची तब्येत सांगणारी 'स्मार्टसीटीएल' ही आज्ञा चालवून १९७ क्रमांकाची ओळ बघा, 'करंट पेंडिंग सेक्टर'. आणि आजोबांच्या नाटकांची दुसरी प्रत आहे ना कुठेतरी?

अबोली_फोंडा
डिस्कचं तापमान आता ४१ आहे. १९७ च्या ओळीत शेवटी ८.

दुसरी प्रत नाही. कॅसेटी उतरवल्यावर टाकून दिल्या, बुरशी पसरते म्हणून.

दर्यावर्दी
तिथे शून्य हवं. आठ म्हणजे डिस्कला आठ जागा नीट वाचता येत नाहीत. कधीकधी पुन्हा लिहिल्यावर हा आकडा खाली येतो, पण त्या भरवशावर राहू नका. आता छोटी चित्रं नको, सेटिंग नको, अपलोड बंद. बाहेरची डिस्क आणा आणि नाटकं आधी उतरवून घ्या. फोटो मागाहून.

काणकोणची_वाट
बाय, आजच कर. रात्री गडगडणार आहे असं वाटतंय, इथे आभाळ भरून आलंय. त्याआधी.

अबोली_फोंडा
फोंड्यातून डिस्क आणली. सहाला कॉपी सुरू केली. कपाटाचं दार उघडं, समोर टेबल फॅन. आई दर अर्ध्या तासाने येऊन किती झालं विचारते.

अबोली_फोंडा
रात्रीचे पावणेबारा. ४१२ जीबी, सगळी नाटकं आली. एका फाइलवर यंत्र चार मिनिटं अडकलं होतं, तिसऱ्या अंकाची होती, पण वाचली. उघडून बघितली. आजोबा विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करताना दिसतात.

प्लग काढलाय, राउटरची तारही. बाहेर विजा सुरू झाल्यात.

वास्कोकर_७०
शाब्बास बाय. आता तिसरी प्रत पुण्याला पाठव.